मार्केटिंग टीमसाठी तात्पुरते प्रमुख: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

मार्केटिंग प्रमुखांनी आज राजीनामा दिला. नोटीस पिरियड ३० दिवसांचा, पण शिल्लक रजा वजा केली तर हातात जेमतेम १८ दिवस. टीम सात जणांची. आम्ही कारखान्यांना मोजमापाची उपकरणं आणि देखभाल सेवा विकतो. पहिल्या चौकशीपासून ऑर्डर येईपर्यंत सरासरी आठ महिने जातात, आणि तेवढ्या काळात गिऱ्हाइकाकडचे इंजिनिअर, खरेदी विभाग, सुरक्षा बघणारे, हिशेब बघणारे अशा चार-पाच जणांची खात्री पटावी लागते. त्यामुळे मार्केटिंग आज रेंगाळलं तर फटका आज बसत नाही. तो पुढच्या वर्षी बसतो, आणि तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही. मला काळजी आहे ती याची.

संस्थापक म्हणाले, "कायमचा माणूस मिळेपर्यंत कुणीतरी बघेल." हे कुणीतरी म्हणजे कोण, ते उद्याच ठरवायचं.

४ फेब्रुवारी

पर्याय तीन. विक्रीप्रमुखांकडे अतिरिक्त कार्यभार, टीममधल्या कुणाकडे प्रभारी पद, किंवा बाहेरून तात्पुरते प्रमुख.

विक्रीप्रमुखांनी स्वतःच नको म्हटलं, आणि कारणही सरळ सांगितलं: "माझ्या डोक्यावर तिमाहीचा आकडा आहे. मार्केटिंग माझ्याकडे आलं की मी सगळ्यांना माझ्या चालू डीलच्या मागे लावणार." पटलं. प्रभारी पदावर फार बोलणं झालं नाही. (ही माझी चूक होती. १० तारखेची नोंद पाहावी.)

बाहेरून माणूस घ्यायचा ठरलं. पण कसा? फ्रॅक्शनल प्रमुख आठवड्यातले एक-दोन दिवस देतात आणि वर्षानुवर्षं सोबत राहू शकतात. छोट्या कंपन्यांना ते परवडतं आणि पुरतं. सल्लागार अहवाल देतात, सही करत नाहीत. आम्हाला हवी आहे ती ठरावीक मुदतीसाठी खुर्चीत बसणारी व्यक्ती, जिच्याकडे टीम रजेचा अर्ज घेऊनही जाईल आणि एजन्सीचं बिल घेऊनही. मुदत सहा महिने, आठवड्याचे चार दिवस. कायमची भरती त्याच वेळी सुरू करायची. जाहिरात, मुलाखती आणि निवडलेल्या व्यक्तीचा तिकडचा नोटीस पिरियड धरला तर पाच महिने कुठेच गेले नाहीत.

७ फेब्रुवारी

ब्रीफ, म्हणजे येणाऱ्या प्रमुखांनी काय करायचं त्याचा कागद, लिहायला घेतलं. पहिला मसुदा म्हणजे जुन्या प्रमुखांचं जॉब डिस्क्रिप्शन आणि वर "सहा महिन्यांसाठी" एवढी भर. चौदा जबाबदाऱ्या: ब्रँडची उभारणी, टीमचा विकास, बाजारपेठेची दिशा वगैरे. तासभर त्यावर शब्द खरडले आणि मग कळलं, की हे वाचून येणाऱ्या माणसाला सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं ते समजणार नाही.

तो मसुदा बाजूला ठेवून दुसरीकडून सुरुवात केली. येत्या सहा महिन्यांत असे कोणते निर्णय आहेत, जे प्रमुख नसेल तर अडतील किंवा चुकतील? कॅलेंडर समोर धरून बसलो. एप्रिलअखेर जाहिरात एजन्सीचा करार संपतो. नूतनीकरण करायचं की बदलायचं. जूनमध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन, स्टॉलची जागा मार्चमध्येच पक्की करावी लागते. नव्या उपकरणाची मांडणी कुणापुढे करायची, देखभाल इंजिनिअरपुढे की प्लांट मॅनेजरपुढे, हे वर्षभर लोंबकळतंय. टीममधल्या दोन रिकाम्या जागा भरायच्या की नाही. आणि लीड, म्हणजे विक्रीने मागे लागावं अशी चौकशी, नेमकं कशाला म्हणायचं, यावरून विक्री आणि मार्केटिंगमध्ये दोन वर्षं चाललेली कुरबुर.

पाच निर्णय. ब्रीफ दीड पानात संपलं. प्रत्येकापुढे तारीख आणि अंतिम शब्द कुणाचा ते लिहिलं. तीन ठिकाणी लिहिलं "तात्पुरते प्रमुख", दोन ठिकाणी "संस्थापक, त्यांच्या शिफारशीवरून". संस्थापकांना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. एजन्सीचा निर्णय सहा महिन्यांच्या पाहुण्याच्या हाती द्यायचा, हे त्यांना जड जात होतं. मी म्हटलं, अधिकार द्यायचा नसेल तर आपण माणूस घेत नाही आहोत, वेळ घालवतो आहोत. शेवटी त्यांनी सही केली.

१० फेब्रुवारी

आज वाईट दिवस गेला.

ब्रीफ मी सामायिक फोल्डरमध्ये ठेवलं होतं. आमच्या टीममधल्या वरिष्ठ व्यवस्थापक, म्हणजे नव्या चौकशा आणण्याचं सगळं काम जिच्याकडे आहे ती, दुपारी माझ्या टेबलाशी आली. हातात ब्रीफची छापील प्रत, दुसऱ्या निर्णयाखाली पेनने ओढलेली रेघ. म्हणाली, "प्रदर्शनाच्या जागेचं बोलणं मी जानेवारीतच सुरू केलंय. कोपऱ्यावरचा स्टॉल धरून ठेवायला सांगितलाय. इथे तर लिहिलंय, कुणी बघत नाही."

थोडं थांबून पुढे म्हणाली, "मला पद द्यायचं नसेल तर नका देऊ. पण विचारायचं तरी."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला विचारलं नाही याचं कारण एवढंच, की ती सांभाळून घेईल हे आम्ही गृहीत धरलं होतं. गेल्या वर्षी प्रमुख दीड महिना रजेवर होते तेव्हाही तिनेच सांभाळून घेतलं होतं, आणि त्याची साधी नोंदही कुठे झाली नाही. मी माफी मागितली. तिने ती ऐकून घेतली, स्वीकारली असं म्हणवत नाही.

११ फेब्रुवारी

तिच्याशी पुन्हा बसलो, या वेळी दोन तास. कायमच्या पदाचा विचार करायचाय, पण बजेट, एजन्सी, संचालकांपुढचं सादरीकरण हे कधी केलेलं नाही, असं ती म्हणाली. ब्रीफमध्ये तीन बदल केले. प्रदर्शन तिच्या नावावर. सहावं काम जोडलं: तात्पुरत्या प्रमुखांनी तिला बजेट आणि सादरीकरणात सोबत घ्यायचं, बघायला नव्हे, करायला. आणि मुलाखतीच्या मंडळात ती असेल.

संध्याकाळी पूर्ण टीमला एकत्र बसवून सगळं सांगितलं. कोण येणार, किती दिवस, काय ठरवणार, काय नाही. कुणाची नोकरी धोक्यात आहे का, असा प्रश्न आला. नाही, हे ब्रीफमधूनच वाचून दाखवलं.

१४ फेब्रुवारी

लॉगिनची यादी. हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकलं नाही ते बरं झालं.

जाहिरात खात्याचे एकमेव ॲडमिन जाणारे प्रमुख. वेबसाइटच्या डोमेनची नोंदणी त्यांच्या वैयक्तिक ईमेलवर, सात वर्षांपूर्वीची. न्यूजलेटरच्या साधनाचा ओटीपी त्यांच्या फोनवर जातो. वेबसाइटच्या आकडेवारीच्या खात्यात एका जुन्या एजन्सीला अजून पूर्ण अधिकार, जिच्याशी व्यवहार संपून तीन वर्षं झाली. प्रमुख शेजारी बसले, एकेक खातं उघडलं, नवा ॲडमिन जोडला, जुना काढला, यादीत खूण केली. सव्वीस खाती. दुपारी सुरू केलेलं संध्याकाळी सात वाजता संपलं. प्रत्येक ठिकाणी दोन ॲडमिन ठेवले, दोघेही कायमचे कर्मचारी. तात्पुरत्या प्रमुखांना वापराचा अधिकार मिळेल, मालकीचा नाही. यात अविश्वास नाही. सहा महिन्यांनी हीच दुपार पुन्हा नको.

२० फेब्रुवारी

एका भरती संस्थेकडून आणि ओळखीतून मिळून अकरा नावं आली, त्यातली चार मुलाखतीला. गाळताना एक गोष्ट ठळक दिसली. मोठ्या ग्राहक-ब्रँडवर काम केलेल्यांचे बायोडेटा देखणे असतात, पण आठ महिन्यांची विक्री आणि पाच जणांचा निर्णय हे त्यांच्या कामात कुठे येतच नाही. आणखी एक: "पूर्वी प्रमुख होतो" आणि "पूर्वी तात्पुरता प्रमुख होतो" ही वेगळी कौशल्यं आहेत. दुसऱ्यात लोक न निवडता मिळालेली टीम घेऊन चालायचं असतं, आणि आपण लावलेल्या झाडाची फळं दुसऱ्याच्या हाती द्यायची असतात.

भरती संस्थेच्या करारात एक कलम सापडलं: त्यांच्यामार्फत आलेली व्यक्ती वर्षभरात कायम केली तर वेगळी फी. वकिलांना दाखवलं.

२४ फेब्रुवारी

मुलाखती. चौघांना तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि चर्चेआधी प्रत्येकाने आपापले गुण कागदावर लिहायचे. संस्थापकांना हे शाळेसारखं वाटलं. त्यांना २०२२ चा पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास दाखवला. निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या संशोधनाचा हिशेब त्यांनी नव्याने मांडला आहे. प्रत्यक्ष कामगिरीशी सर्वांत जास्त जुळणारी पद्धत निघाली ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत, सहसंबंध ०.४२ (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी). मोकळ्या गप्पांची मुलाखत ०.१९. आणि आपण ज्यावर एवढा भर देतो ती अनुभवाची वर्षं, नुसती मोजली तर ०.०७. संस्थापकांनी पेन उचललं.

शेवटचा भाग प्रश्नांचा नव्हता. आमच्याबद्दल काय बघायचंय ते मागा, अर्धा तास बघा आणि मग बोला, असं प्रत्येकाला सांगितलं. दोघांनी डॅशबोर्ड मागितला, एकाने बजेट. चौथ्या म्हणाल्या, "हातातून गेलेली शेवटची दहा डील दाखवा. ईमेलसकट."

त्यांनी त्या खरोखर वाचल्या. बोट ओळीवरून सरकत होतं, मधूनच मागे जात होतं. पंचविसाव्या मिनिटाला म्हणाल्या, "दहापैकी सहा ठिकाणी तुम्ही स्पर्धकाकडे हरलेला नाही. गिऱ्हाइकाने काहीच घेतलेलं नाही. इंजिनिअरला उपकरण आवडलंय, पण त्याला वरच्यांना पटवता आलेलं नाही, आणि त्यासाठी लागणारा एकही कागद तुम्ही त्याच्या हाती दिलेला नाही."

विक्रीप्रमुख ताठ बसले. आमच्या वरिष्ठ व्यवस्थापकांनी त्यांना सगळ्यांत जास्त गुण दिले, माझ्याहूनही.

२६ फेब्रुवारी

त्या चौथ्या उमेदवारांनी पूर्वी काम केलेल्या तीन ठिकाणी फोन. "काम कसं केलं?" हे विचारलं नाही, त्याचं उत्तर नेहमी छानच असतं. विचारलं, "त्या गेल्यावर सहा महिन्यांनी काय टिकून होतं?" एका ठिकाणी उत्तर आलं: विक्रीसोबतची आठवड्याची बैठक, अजून चालू आहे. दुसऱ्या ठिकाणी: फार काही नाही, पण ती चूक आमची, त्यांच्यानंतर चार महिने खुर्ची रिकामी होती. हे ऐकून कायमच्या भरतीची तारीख एक आठवडा अलीकडे ओढली.

२८ फेब्रुवारी

करार. सर्वांत जास्त वेळ मोबदल्याच्या रकमेवर नाही, तो कशाशी जोडायचा यावर गेला. संस्थापकांना लीडच्या संख्येवर बोनस हवा होता. त्या स्वतःच नाही म्हणाल्या. लीडची संख्या सहा महिन्यांत कुणीही वाढवून दाखवतं. एखादी पुस्तिका फुकट वाटली की फॉर्म धडाधड भरले जातात आणि विक्रीच्या हाती भुसा येतो. महसुलाशीही जोडता येत नाही, कारण विक्रीचा फेरा आठ महिन्यांचा आणि करार सहा महिन्यांचा. त्यांच्या काळात येणाऱ्या ऑर्डर आधीच्या प्रमुखांच्या कामाच्या, आणि त्यांच्या कामाच्या ऑर्डर येतील तेव्हा त्या इथे नसतील.

म्हणून मोबदला ठरावीक ठेवला आणि बघायच्या गोष्टी तीन: चौकशी आल्यापासून पहिल्या फोनपर्यंतचा वेळ, मार्केटिंगने दिलेल्या लीडपैकी विक्रीने स्वीकारलेल्या किती, आणि पाच निर्णय तारखेला झाले का.

बाकी कलमं: दोन्ही बाजूंनी १५ दिवसांची नोटीस, या काळात स्पर्धकाचं काम नाही, तयार झालेला मजकूर आणि माहिती कंपनीची, ठरावीक मर्यादेपर्यंत खर्चाला त्यांची एकट्याची सही चालेल, शेवटचे दोन आठवडे फक्त सोपवणुकीचे. आणि एक कलम मी आग्रहाने घातलं: कायमच्या पदासाठी त्या अर्ज करणार नाहीत. टीममधल्या एकीला त्या घडवणार असतील तर त्या तिच्या स्पर्धक असून चालणार नाही. त्यांनी लगेच मान्य केलं.

१० मार्च

त्या रुजू झाल्या. पहिले दोन आठवडे काहीही बदलणार नाही, असं टीमला सांगितलं.

१३ मार्च

त्यांनाच तो शब्द मोडावा लागला, आणि योग्य कारणासाठी. आमचं न्यूजलेटर त्यांनी तीन ओळखीच्या कंपन्यांतल्या पत्त्यांवर मागवून बघितलं. तिन्ही ठिकाणी स्पॅममध्ये. गेल्या वर्षी आम्ही मेल पाठवायचं साधन बदललं, पण नव्या साधनासाठी डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच आपल्या डोमेनचा आहे हे दाखवणारी डिजिटल सही, कुणी बसवलंच नव्हतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सगळ्याच पाठवणाऱ्यांना एसपीएफ (आपल्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरची यादी) किंवा डीकेआयएम सक्तीचं केलंय, दिवसाला ५,००० मेलच्या वर दोन्ही आणि शिवाय डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). स्पॅमची तक्रार ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा, असंही ते सांगतात. आमची संख्या छोटी, पण कंपन्यांचे फिल्टरही याच खुणा बघतात. सिस्टिमवाल्या सहकाऱ्याने दुपारभरात दुरुस्त केलं.

वर्षभर मजकूर लिहिणारी आमची सहकारी हे ऐकून बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. तिला वाटत होतं, आपलं लिखाण कुणाला आवडत नाही.

२७ मार्च

लीडची व्याख्या ठरली. दोन वर्षांची कुरबुर दीड तासात मिटली, कारण त्यांनी व्याख्येवर बोलूच दिलं नाही. विक्रीच्या दोघांना आणि मार्केटिंगच्या दोघांना मागच्या महिन्यातल्या चाळीस चौकशा वाटल्या: फोन कराल की नाही, एवढंच लिहा. एकतीस ठिकाणी चौघांचं उत्तर एकच. उरलेल्या नवांवर बोलणं झालं आणि त्यातूनच नियम निघाला.

पहिल्या फोनला मात्र सरासरी दोन दिवस लागतात असं दिसलं. २०११ च्या जेम्स ओल्ड्रॉइड यांच्या अभ्यासात, तासाभरात संपर्क करणाऱ्या कंपन्यांना निर्णय घेणाऱ्याशी नीट बोलणं होण्याची शक्यता त्यानंतरच्या तासात करणाऱ्यांपेक्षा जवळपास सातपट होती. आता चौकशा सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत वाटल्या जातात.

८ एप्रिल

संस्थापकांबरोबर खडाजंगी. पहिल्या तिमाहीचा आकडा बघून ते म्हणाले, जूनपर्यंत लीड दुप्पट हव्यात.

तात्पुरत्या प्रमुखांनी फळ्यावर हिशेब मांडला. मार्केटिंगवर संशोधन करणाऱ्या एहरेनबर्ग-बास इन्स्टिट्यूटचे जॉन डॉज यांनी २०२१ मध्ये मांडलेला ९५-५ चा विचार: गिऱ्हाईक पाच वर्षांनी एकदा पुरवठादार बदलत असेल, तर वर्षाला २० टक्के बाजारात उतरतात, तिमाहीत ५ टक्के, उरलेले ९५ नाहीत. मग विचारलं, "आपलं उपकरण किती वर्षांनी बदलतात?" विक्रीप्रमुख म्हणाले, आठ. म्हणजे वर्षाला साडेबारा टक्के, तिमाहीत तीनच्या आसपास. "या तिघांच्या मागे दुप्पट धावलो तरी ते सहा होत नाहीत. उरलेल्या सत्त्याण्णवांना त्यांची वेळ येईल तेव्हा आपलं नाव आठवायला हवं. मला तिथे खर्च करू द्या, आणि त्या तिघांकडच्या इंजिनिअरला वरिष्ठांपुढे ठेवायला दोन पानांचा कागद देऊ द्या."

दुप्पटीची मागणी मागे गेली. फळ्यावरचं मी पुसू दिलं नाही.

२९ एप्रिल

एजन्सीचा करार नूतनीकरण, पण निम्म्या कामाचा. मजकूर आता घरातच.

१९ जून

प्रदर्शन पार पडलं. वरिष्ठ व्यवस्थापकांनी पूर्ण स्वतः केलं. तात्पुरत्या प्रमुख पहिल्या दिवशी आल्या, कोपऱ्यावर उभ्या राहिल्या आणि दुपारी निघून गेल्या. तो दोन पानी कागद स्टॉलवर संपला, दुसऱ्या दिवशी पुन्हा छापावा लागला.

७ जुलै

तिने संचालकांपुढे अर्धवार्षिक बजेट मांडलं. प्रश्न अवघड आले, दोन ठिकाणी अडली, "तपासून उद्या सांगते" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं.

१० जुलै

ती भेटायला आली. मला वाटलं, कायमच्या पदाचा अर्ज असेल. म्हणाली, "चार महिने हे काम जवळून केलं. मला ते नको आहे. निम्मा आठवडा वर समजावण्यात आणि एजन्सीशी घासाघीस करण्यात जातो. मला चौकशांचं काम पूर्ण द्या, बजेट आणि दोन माणसांसकट. माझ्यावर कोण असेल ते निवडताना मला विचारा."

फेब्रुवारीत आम्ही तिला प्रभारी पद देऊन टाकलं असतं, तर हे तिला त्या खुर्चीत बसून, एकटीने, दमून कळलं असतं. कायमच्या पदाचं ब्रीफ त्याच दिवशी बदललं. चौकशांचं काम त्यातून बाहेर काढलं, तिच्या नव्या पदाचं पत्र आधी काढलं आणि मग जाहिरात सुधारली.

२५ ऑगस्ट

कायमचे प्रमुख रुजू झाले. मंडळात ती होती, तेच पाच प्रश्न होते. पहिल्या फोनचा वेळ आता साधारण तीन तास. स्वीकारलेल्या लीडचं प्रमाण वाढलं आहे, पण मे महिन्यात ते घसरलंही होतं, तेव्हा डिसेंबरपर्यंत त्यावर बोलायचं नाही असं ठरलं. पाचपैकी चार निर्णय तारखेला झाले. नव्या उपकरणाच्या मांडणीचा निर्णय पाच आठवडे उशिरा, कारण आम्ही संस्थापकांची वेळच देऊ शकलो नाही.

८ सप्टेंबर

सोपवणुकीचा शेवटचा दिवस. नव्या प्रमुखांना तात्पुरत्या प्रमुखांनी अकरा पानं दिली. त्यातली चार "अजून झालेलं नाही आणि का" याची. खात्यांची यादी पुन्हा काढली. त्यांचा वापराचा अधिकार सव्वीसपैकी नऊ ठिकाणी होता. नऊही ठिकाणी त्यांनी स्वतः शेजारी बसून तो काढून घेतला. वीस मिनिटं लागली.